सहा एकेरी, तीन दुहेरी आणि कोकणातला पाऊस

दहावीचा निकाल लागला की कोर्टाच्या कडेला बसलेल्या पालकांच्या गप्पांत अमेरिका येते. मुलगी सोळा वर्षांखालच्या गटात राज्यात बऱ्यापैकी खेळत असते, मुलाची सर्व्हिस सुटायला लागलेली असते, आणि कुणाच्या तरी मुंबईच्या नातेवाइकाने सांगितलेलं असतं की तिकडची कॉलेजं टेनिसवर फुकट शिकवतात. रत्नागिरी असो, चिपळूण असो की कुडाळ, या गप्पांतली निम्मी माहिती खरी असते आणि निम्मी शिळी. २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत तिथले नियम इतके बदलले आहेत की त्याआधी गेलेल्या मुलाचा अनुभव आज जसाच्या तसा लागू पडत नाही.

ही वाट सगळ्यांत समजून-उमजून चालतात ती ब्रिटनची मुलं. आपल्या मुलांचा अर्ज ज्या टेबलावर पडतो, त्याच टेबलावर त्यांचेही अर्ज असतात. म्हणून आधी त्यांच्याकडे पाहू.

कॅमेरॉन नॉरी २०१४ ते २०१७ टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीकडून, म्हणजे टीसीयूकडून खेळला. पुढे तो जगात आठव्या क्रमांकापर्यंत गेला आणि २०२२ मध्ये विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचला. हलमध्ये वाढलेला पॉल जब साउथ कॅरोलायना विद्यापीठात शिकत असताना २०१९ साली एनसीएएची, म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळांच्या संघटनेची, एकेरी जिंकला, आणि ती जिंकणारा पहिला ब्रिटिश ठरला. स्कॉटलंडचा जेकब फर्नली २०२४ च्या मे महिन्यात राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या टीसीयूच्या संघात होता. जूनमध्ये त्याने नॉटिंगहॅमची चॅलेंजर स्पर्धा जिंकली, जुलैत विम्बल्डनवर जोकोविचकडून एक सेट घेतला आणि वर्ष संपलं तेव्हा तो पहिल्या शंभरात होता. २०२५ ची विम्बल्डन पुरुष दुहेरी ज्युलियन कॅश आणि लॉइड ग्लासपूल यांनी जिंकली. दोघेही ब्रिटिश असलेल्या जोडीने ती जिंकण्याची १९३६ नंतरची ही पहिलीच वेळ, आणि दोघेही अमेरिकन कॉलेजांतून आलेले: कॅश मिसिसिपी स्टेट आणि मग ओक्लाहोमा स्टेटमधून, ग्लासपूल टेक्सास विद्यापीठातून.

ही मुलं घर सोडून एवढ्या लांब जातात त्यामागे साधा हिशोब आहे. अठराव्या वर्षी व्यावसायिक टेनिसच्या तळाच्या एम-१५ स्पर्धा खेळायच्या म्हटल्या, तर १५,००० डॉलर ही अख्ख्या स्पर्धेची रक्कम असते. एकेरीच्या विजेत्याच्या हाती सुमारे २,१६० डॉलर पडतात, आणि पहिल्या फेरीत हरलेल्याचं हॉटेलचं भाडंही सुटत नाही. ब्रिटनच्या संघटनेची, एलटीएची, मोठी मदत थोड्याच मुलांना मिळते. घरी राहून विद्यापीठात जावं तर इंग्लंडमध्ये २०२५-२६ ला वर्षाची फी ९,५३५ पौंड होती. त्यापेक्षा चार वर्षं पदवी, रोजचा कोच, फिजिओ, जिम, रॅकेटला तारा लावून देणारा माणूस आणि दर आठवड्याला आपल्याइतकाच किंवा आपल्याहून सरस प्रतिस्पर्धी हे गणित बरं दिसतं. भारतातही हे नवं नाही. महेश भूपती मिसिसिपी विद्यापीठात होता आणि १९९५ ची एनसीएए दुहेरी त्याच्या नावावर आहे. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं एकेरी जिंकली.

कोच नेमकं काय शोधत असतो

हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. कॉलेजचा सामना संघांचा असतो. आधी तीन दुहेरी, प्रत्येकी सहा गेमचा एकच सेट. तीनपैकी दोन जिंकणाऱ्या संघाला एक गुण. मग सहा एकेरी, प्रत्येकी एक गुण. एकूण सात, आणि चार झाले की सामना संपला. ड्यूसला ॲडव्हांटेज नसतो; पुढचा पॉइंट जिंकेल त्याचा गेम.

म्हणजे कोचच्या वहीत क्रमांक एक ते सहा अशा जागा असतात. पुढच्या मे महिन्यात तिसऱ्या आणि पाचव्या क्रमांकाची मुलं पदवी घेऊन बाहेर पडणार असतील, तर त्याला ऑगस्टमध्ये त्या दोन जागांवर उभं राहील असं कुणीतरी हवं असतं. स्कॉलरशिप ही त्या रिकाम्या जागेची किंमत असते. तुमच्या मुलाने आजवर मिळवलेल्या कपांचा त्यात संबंध नाही. शालेय क्रीडा स्पर्धांची विभागीय आणि राज्य पातळीची प्रमाणपत्रं इथे दहावी-बारावीच्या ग्रेस गुणांना उपयोगी पडतात, पण अमेरिकन कोच ती उघडूनही पाहत नाही. त्यांच्या झेरॉक्स जोडून मेल जड करू नका.

दुसरी गोष्ट, आणि आपल्याकडे तिच्याकडे जवळपास कुणीच लक्ष देत नाही: दुहेरी. सहावा की सातवा असा प्रश्न पडलेला मुलगा जर नेटवर पक्का असेल आणि पहिली सर्व्हिस सत्तर टक्के आत टाकत असेल, तर दुहेरीच्या गुणासाठी कोच त्याला घेतो. आपल्या स्पर्धांत एकेरी हरली की दुहेरी सोडून संध्याकाळची गाडी पकडणारी कुटुंबं बरीच दिसतात. ती दुहेरी खेळा. सराव सामन्यांतही आठवड्यातून दोन सेट ॲडव्हांटेजशिवाय खेळायला लावा. ड्यूसच्या एका पॉइंटवर सर्व्हिस कुठे टाकायची हे ठरवण्याची सवय एका महिन्यात लागत नाही.

पैशाचं खरं गणित

‘फुल स्कॉलरशिप’ हा शब्द सगळ्यांत जास्त फसवतो. पूर्वी डिव्हिजन वनच्या, म्हणजे एनसीएएच्या सगळ्यांत वरच्या गटातल्या, पुरुष संघाला ४.५ स्कॉलरशिप देता येत, आणि कोच त्या आठ-दहा मुलांत तुकडे करून वाटत असे. महिला संघाला ८ मिळत, त्याही पूर्ण. हा फरक का, तर १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानुसार मुला-मुलींना खेळात समान संधी द्यावी लागते, आणि पुरुषांच्या बाजूला एकटा अमेरिकन फुटबॉलच ८५ स्कॉलरशिप गिळत असे. तोल सांभाळायला पुरुषांच्या टेनिससारखे खेळ कमी ठेवले गेले. मुलींच्या पालकांनी हे नीट लक्षात घ्यावं: त्यांच्या मुलीची बाजू आजही मुलांपेक्षा बळकट आहे.

जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएवर लावलेल्या ‘हाउस’ खटल्यातली तडजोड मंजूर झाली आणि चित्र बदललं. ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांवर आता स्कॉलरशिपच्या संख्येची मर्यादा नाही, संघाच्या आकाराची आहे: टेनिसला १० पुरुष, १० महिला. कागदावर दहाही जणांना पूर्ण पैसे देता येतात. पण त्याच तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंमध्ये पहिल्या वर्षी, २०२५-२६ मध्ये, सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट रक्कम वाटण्याची मुभा दिली, आणि तो पैसा मुख्यतः फुटबॉल-बास्केटबॉलकडे वळतो. काही ठिकाणी टेनिसचं बजेट वाढलं, काही ठिकाणी आटलं. तडजोडीत न गेलेल्या विद्यापीठांना जुनीच मर्यादा लागू आहे. म्हणून कोचला पहिल्याच व्हिडिओ कॉलवर स्वच्छ विचारायचं: तुम्ही तडजोडीत आहात का, आणि माझ्या वर्षासाठी किती टक्के शिल्लक आहे?

शिवाय आता खेळाडूला एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाणं फार सोपं झालं आहे. त्यामुळे बावीस वर्षांचा, तीन वर्षं कॉलेज टेनिस खेळलेला मुलगा आणि सतरा वर्षांचा नवखा यांत कोच पुष्कळदा पहिल्याला घेतो. ब्रिटनच्या अठरा वर्षांच्या मुलांनाही याचा फटका बसतोय, आपल्याला तर बसणारच.

आता आकडे मांडून पाहू. समजा एका सरकारी विद्यापीठाचा परदेशी मुलासाठीचा वर्षाचा सगळा खर्च ५२,००० डॉलर आहे. कोच म्हणाला, ४५ टक्के देतो. ते झाले २३,४००. उरले २८,६००. डॉलर ८८ रुपये धरला तर वर्षाला २५ लाख १६ हजार ८०० रुपये घरून जाणार, तेही चार वर्षं. हापूसची बाग गहाण टाकण्याआधी हा आकडा कागदावर लिहून भिंतीला लावा.

हा आकडा खाली आणायचा मार्ग अभ्यासातून जातो. बहुतेक विद्यापीठं चांगल्या गुणांवर वेगळी सवलत देतात आणि ती टेनिसच्या पैशावर चढते. त्याच उदाहरणात १२,००० डॉलरची सवलत गुणांवर मिळाली तर घरून १६,६०० द्यावे लागतात. कोचलाही असा मुलगा आवडतो, कारण त्याच्या पेटीतले पैसे वाचतात. बारावीत ५५ टक्के घेऊन यूटीआर (खेळाची पातळी सांगणारा आकडा, त्याबद्दल पुढे) १२ असलेल्या मुलापेक्षा ८८ टक्के आणि ११.३ वाल्याला पुष्कळ ठिकाणी एकूण जास्त पैसे मिळतात, ते यामुळे.

डिव्हिजन वनच्या नावाला भुलू नका. डिव्हिजन टू, एनएआयए ही लहान कॉलेजांची वेगळी संघटना आणि दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं इथेही टेनिसवर पैसे मिळतात, आणि कोकणातल्या मुलांना खरी संधी तिथेच जास्त आहे. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीग (हार्वर्डसारख्या जुन्या, नामांकित विद्यापीठांचा गट) टेनिससाठी छदामही देत नाहीत. पण त्यांतल्या हार्वर्ड, प्रिन्स्टन, ॲमहर्स्ट, एमआयटी अशा संस्था प्रवेश देताना परदेशी मुलाची ऐपत पाहत नाहीत आणि प्रवेश मिळाला तर कुटुंबाच्या उत्पन्नानुसार गरज पूर्ण भागवतात. अभ्यासात खरोखर अव्वल असलेल्या, शिक्षक किंवा बँक कर्मचाऱ्याच्या मुलाला हा रस्ता टेनिसच्या स्कॉलरशिपपेक्षा स्वस्त पडू शकतो.

आकडा: यूटीआर

कोच आधी पाहतो तो यूटीआर, १ ते १६.५ या पट्टीवरचा आकडा. आयटीएफची, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची, डब्ल्यूटीएन ही दुसरी पट्टी ४० पासून १ पर्यंत उलटी उतरते. ब्रिटनच्या एलटीएने आपली जुनी रेटिंग पद्धत सोडून तीच घेतली आहे. एआयटीएची, म्हणजे अखिल भारतीय टेनिस संघटनेची, क्रमवारी भारतात प्रवेशिकेला लागते. अमेरिकेत तिचा अर्थ कुणाला लागत नाही.

ढोबळ मानाने मुलांसाठी डिव्हिजन वनच्या वरच्या संघांना १३ च्या पुढे, मधल्यांना १२ च्या आसपास, खालच्यांना ११ च्या आसपास लागतो. मुलींसाठी तेच १०.५, ९.५ आणि ८.५. डिव्हिजन टू आणि एनएआयएचे वरचे संघ डिव्हिजन वनच्या मधल्या संघांना हरवतील असे असतात, तेव्हा तिथे सगळं सोपं असेल असं समजू नका. प्रत्येक संघाच्या पानावर त्यांच्या खेळाडूंची नावं असतात. ती यूटीआरवर शोधा, चौथ्या ते सहाव्या क्रमांकाचा आकडा काढा, आणि आपला आकडा त्याच्या ०.५ च्या आत असेल तिथेच लिहा. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्यांत जास्त फळ देणारंही हेच.

यूटीआर मागच्या १२ महिन्यांतले जास्तीत जास्त ३० सामने धरतो, आणि जिंकलात की हरलात यापेक्षा किती गेम घेतले हे पाहतो. आपल्याहून १ ने वर असलेल्याकडून ४-६, ४-६ हरलं तर आकडा चढू शकतो. आपल्याहून खालच्याला ७-५, ६-४ असं रडतखडत हरवलं तर उतरू शकतो. आकड्यांतला फरक २ हून जास्त असेल आणि वरचाच जिंकला, तर तो सामना धरतच नाहीत. म्हणून ६-०, ६-१ जिंकण्यासाठी छोट्या स्पर्धा गोळा करण्यात अर्थ नाही. आणि ५-१ मागे पडल्यावर सेट सोडून देणारा मुलगा स्वतःच्या स्कॉलरशिपचे पैसे कोर्टावर टाकून येतो. हे त्याला शब्दशः समजावून सांगा.

स्पर्धा निवडताना सामने मोजा. आयटीएफच्या जे-३० या तळाच्या ज्युनियर स्पर्धेसाठी दूरच्या शहरात जाऊन पहिल्या फेरीत हरलं तर तीस-चाळीस हजार रुपयांत एक सामना मिळतो. पुण्या-मुंबईत एकाच आठवड्यात चार-पाच सामने हमखास मिळतील अशी स्पर्धा त्या टप्प्यावर जास्त कामाची. घरी आल्यावर निकाल यूटीआरवर चढला का ते पाहा. नसेल तर लगेच पाठपुरावा करा, सहा महिन्यांनी कुणाला काही आठवत नसतं.

आपले चार महिने

पाऊस ब्रिटनमध्येही कमी नाही. पण त्यांच्याकडे छताखालची कोर्टं आहेत. आपल्याकडे मृग लागला की जांभ्याच्या पायावरचं लाल मातीचं कोर्ट ताडपत्रीखाली जातं, आणि हार्ड कोर्टावर पंधरा दिवसांत शेवाळ धरतं. कोर्टाला एका बाजूला उतार हवा, दर मीटरला साधारण एक सेंटिमीटर. तो नसेल तर बेसलाइनपाशी डबकं साचतं आणि तिथला थर आधी सुटतो. शेवाळ ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने आणि ताठ ब्रशने काढावं. तारेच्या ब्रशने रंगाचा थर निघतो आणि पुढच्या वर्षी शेवाळ जास्त घट्ट बसतं. नेटच्या खांबाचा हातरहाट आगोटीलाच ग्रीस लावून प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवा, खाऱ्या हवेत तो ऑगस्टपर्यंत जाम होतो. दमट हवेत बॉलची लोकर पाणी शोषते, बॉल जड होतो आणि खांदा दुखायला लागतो. उघड्याझापीच्या दिवसांत ओल्या बॉलने तासभर सर्व्हिस मारू नका.

जून ते सप्टेंबर बॅडमिंटन हॉल मिळाला तर फोमच्या बॉलने व्हॉली आणि रिटर्नची पहिली दोन पावलं होतात. शिवाय दोन-तीन किलोच्या मेडिसिन बॉलच्या फेकी आणि दोरीच्या उड्या. ज्यांना परवडतं त्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये तीन आठवडे एका दमात पुणे किंवा मुंबईला काढावेत. दर शनिवारी आंबा किंवा कुंभार्ली घाट चढून जाण्यात मूल थकतं, आणि दरड कोसळली की तोही दिवस गेला. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्याही सावकाश धावतात. सकाळी आठच्या सामन्यासाठी आदल्या रात्रीच पोचलेलं बरं.

यातून कॅलेंडर असं बसतं. खेळायला मिळतात ऑक्टोबर ते मे. दहावी आणि बारावीत फेब्रुवारी-मार्च परीक्षेत जातात. उरतं अकरावीचं वर्ष, आणि तेच निर्णायक आहे. ऑक्टोबर ते मे सलग आठ महिने, किमान ३५ सामने. कारण बारावीच्या जून ते डिसेंबरमध्ये कोच निर्णय घेतात आणि तेव्हा त्यांना दिसतो तो अकरावीत कमावलेला आकडा. दहावीसाठी पूर्ण वर्ष रॅकेट माळ्यावर टाकणाऱ्यांचे जुने सामने बारा महिन्यांनी गळून पडतात आणि अकरावीचे पहिले तीन महिने पूर्वीच्या जागी यायलाच जातात. दहावीतही दिवाळीच्या सुट्टीत दोन स्पर्धा खेळा.

कॉलेज टेनिस जवळजवळ सगळं हार्ड कोर्टावर चालतं. मातीवर वाढलेल्या मुलाचा बॉल उंच आणि छान फिरतो, पण रिटर्नला रॅकेट मागे नेण्याची हालचाल मोठी राहते. कोचला ते पहिल्या मिनिटात दिसतं.

व्हिडिओ आणि पहिला मेल

कॅमेरा बेसलाइनच्या मागे, मधोमध, जमिनीपासून अडीच-तीन मीटर उंच, जाळीला घट्ट बांधलेला. अख्खं कोर्ट दिसलं पाहिजे. सकाळी सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी असेल ती बाजू निवडा. आधी दोन मिनिटं फोरहँड, बॅकहँड, व्हॉली, दोन्ही बाजूंच्या सर्व्हिस. त्याला जोडून एक पूर्ण सेट, न कापलेला, आपल्याइतक्याच किंवा आपल्याहून सरस खेळाडूविरुद्ध, हार्ड कोर्टावर. गाणं घालू नका, स्लो मोशन नको. फक्त जिंकलेले पॉइंट जोडलेले व्हिडिओ कोच बंद करतात, कारण त्यांना पाहायचं असतं की डबल फॉल्टनंतर मुलगा कसा चालतो.

मेल मुलाने स्वतः लिहायचा. बाबांनी लिहिलेला मेल दुसऱ्या वाक्यात ओळखू येतो. विषयाच्या ओळीत नाव, कोणत्या वर्षी ऑगस्टमध्ये येणार ते वर्ष, भारत, यूटीआर. आत आठ-दहा ओळी: गुण, शाखा, पुढे काय शिकायचं आहे, व्हिडिओची लिंक, येत्या दोन महिन्यांतल्या स्पर्धा, आणि त्या संघाबद्दल एक अशी ओळ जी दुसऱ्या कुणाला पाठवता येणार नाही. साठ ते ऐंशी संघांना लिहा. दर तीन-चार आठवड्यांनी नवा निकाल घेऊन पुन्हा लिहा. जानेवारी ते मे त्यांचा सामन्यांचा हंगाम असतो, उत्तरं उशिरा येतात. डिव्हिजन वनचे कोच दहावीनंतरच्या १५ जूनपूर्वी मुलाशी भरतीबद्दल बोलू शकत नाहीत, तेव्हा नववीतल्या मेलला उत्तर आलं नाही तर नाराज होऊ नका.

एजंट लागतोच असं नाही. घ्यायचाच असेल तर ठरावीक फी घेणारा घ्या. मिळालेल्या स्कॉलरशिपच्या टक्केवारीवर पैसे मागणाऱ्याशी करार केला तर एनसीएएच्या नियमांत मुलाची पात्रताच धोक्यात येते. ब्रिटनमधले पालक हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारतात, आपल्याकडे सही झाल्यावर विचारला जातो.

कागद, आणि जिथे हातची संधी जाते

एनसीएएच्या डिव्हिजन वनसाठी नववी ते बारावीत १६ मूळ विषय लागतात: इंग्रजीची ४ वर्षं, बीजगणित किंवा त्यापुढच्या गणिताची ३, विज्ञानाची २, समाजशास्त्राची २, बाकीची ५ याच गटांतून किंवा परकीय भाषा वगैरेंतून. गुणांची सरासरी ४ पैकी किमान २.३, डिव्हिजन टूला २.२. पात्रतेसाठीची एसएटी या प्रवेश परीक्षेची अट २०२३ मध्ये काढली आहे, पण गुणांवरची सवलत देताना काही विद्यापीठं ती अजून विचारतात. आपल्याकडचा नेहमीचा अपघात म्हणजे अकरावीला कॉमर्स घेऊन गणित सोडणं. नववी आणि दहावी अशी गणिताची दोनच वर्षं उरतात. गणित ठेवा.

दुसरा अपघात ‘ड्रॉप’. बारावीनंतर एक वर्ष नुसतं टेनिस खेळू, आकडा वाढवू, मग जाऊ, असं पुष्कळ जण ठरवतात. टेनिसला शाळा संपल्यानंतर सहा महिन्यांचीच सवलत चालत आली आहे. त्यानंतर स्पर्धा खेळल्या तर डिव्हिजन वनमध्ये पात्रतेचा एक हंगाम कापला जाऊन पहिलं वर्ष बाहेर बसावं लागू शकतं. पात्रतेचे हे नियम सध्या वेगाने बदलत आहेत. ड्रॉप घेण्याआधी त्या विद्यापीठाच्या नियम-पालन कार्यालयाकडून मेलवर लेखी उत्तर घ्या, कोचच्या तोंडी आश्वासनावर राहू नका.

बक्षिसाचे पैसे: जुन्या नियमात कॉलेजला जाण्याआधी टेनिसपटूला वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत बक्षीस घेता येत असे, आणि त्यापुढे प्रत्यक्ष झालेल्या आवश्यक खर्चाइतकंच. नॉर्थ कॅरोलायनाच्या रीस ब्रँटमायरने २०२४ मध्ये या बंधनांविरुद्ध एनसीएएवर दावा लावला, तेव्हा इथेही हालचाल आहे. आपल्या मुलांची बक्षिसं त्या मर्यादेच्या जवळपासही नसतात. तरी रेल्वेची तिकिटं, हॉटेलची बिलं, प्रवेश फी, तारांच्या पावत्या एका फाइलमध्ये तारखेने लावा. गावातल्या पतसंस्थेने किंवा व्यापाऱ्याने मदत केली असेल तर कुणी, किती, कशासाठी तेही लिहून ठेवा.

होकार आला की आर्थिक मदतीचा करार येतो. पूर्वीचं ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं, आता हाच करार महत्त्वाचा. त्यात रक्कम टक्क्यांत आहे की डॉलरमध्ये ते पाहा. डॉलरमध्ये असेल आणि फी दरवर्षी वाढत असेल, तर वाढ तुमच्या अंगावर. मुदत एक वर्ष की चार, दुखापत झाली तर काय, उन्हाळी सत्राची फी कोण देणार, परदेशी विद्यार्थ्यांचा सक्तीचा आरोग्य विमा कशात धरला आहे, हे सगळं सहीआधी विचारायचं.

मग आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो दाखला. त्यावर स्कॉलरशिपची रक्कम कराराप्रमाणेच छापली आहे का ते तपासा. कमी छापली असेल तर व्हिसाच्या मुलाखतीत तेवढी जास्त रक्कम बँकेत दाखवावी लागते. सेविसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे, ३५० डॉलर भरून मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीची तारीख घ्या. मे ते जुलै गर्दी असते, म्हणून आय-२० हातात पडल्याच्या दिवशीच तारीख शोधायला बसा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेर मनाप्रमाणे काम करता येत नाही. अमेरिकन खेळाडू जाहिरातीतून कमावतात ते पैसे परदेशी मुलांसाठी व्हिसा धोक्यात आणणारे ठरू शकतात. एखाद्या दुकानाने फुकट शूज दिले तरी आधी विद्यापीठाच्या कार्यालयाला विचारून घ्यायचं.

ऑगस्टच्या मध्यात सराव सुरू होतो, म्हणजे बहुतेक वर्षी गणपतीच्या आधीच घर सोडावं लागतं. हंगामात आठवड्याला २० तास टेनिस, बाहेर ८ तास, आणि सत्राला किमान १२ क्रेडिटचे विषय. पहिल्या सत्रात क्रेडिट कमी पडली की पात्रता जाते आणि पैसेही थांबतात.

एक गोष्ट कुणीच आधी सांगत नाही. फी आणि पुस्तकांचा भाग करमुक्त असतो, पण राहण्या-जेवणासाठी मिळालेल्या रकमेवर अमेरिकन कर लागतो आणि एफ-१ वाल्यांचा साधारण १४ टक्के आधीच कापला जातो. भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट, म्हणजे उत्पन्नातली ठरावीक रक्कम करातून वगळणं, घेता येते. ब्रिटिश मुलांना ही सोय नाही. ही वजावट घ्यायला पुढच्या एप्रिलमध्ये १०४०-एनआर हा कराचा फॉर्म भरावा लागतो, कापलेली बरीचशी रक्कम परत मिळू शकते. उत्पन्न शून्य असलं तरी ८८४३ हा फॉर्म दरवर्षी द्यायचाच. तेव्हा मूल सामन्यांच्या धामधुमीत असतं, म्हणून मार्चमध्ये घरून एक फोन करून आठवण द्या.